भिंत पुसून परत देणारा

कोरी भिंत दिसली की पेंटर आधी बोट जिभेला लावायचा आणि ते भिंतीवर टेकवायचा. ओला ठिपका किती वेळात सुकतो हे पाहून ती किती रंग पिणार, हे तो सांगायचा. ‘ही लई तहानलेली हाय,’ म्हणायचा. त्याचं हे थुंकी लावणं मला मुळीच आवडत नसे, पण अंदाज कधी चुकला नाही.

नाव कुणी विचारत नव्हतं. सगळ्या ऐरोलीत तो पेंटरच. मूळचा साताऱ्याकडचा, राहायला दिघ्याला. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या भिंतींवर साबणाच्या, बियाण्यांच्या जाहिराती आणि निवडणुकीत उमेदवारांची नावं रंगवायचा. भिंत आधी धरून ठेवायची त्यांच्यात रीत होती. कोपऱ्यात गेरूनं ‘राखीव’ लिहिलं की दुसरा पेंटर तिला हात लावत नसे. पण राखीव भिंतीला गिऱ्हाईक मिळालंच नाही, तर पेंटर तिच्यावर स्वतःच्या मनातलं काढायचा. एपीएमसी बाजारातले हमाल, तळवलीची कोळंबी सोलणारी म्हातारी. परवानगी वगैरे प्रकार नव्हता.

असाच एक हमाल एका सकाळी आमच्या सोसायटीच्या कंपाउंडवर उभा राहिला. भिंतभर उंच, पाठीवर कांद्याची गोण, मान खाली. मी तेव्हा सेक्रेटरी होते. कुणाला विचारून काढलंत, म्हणून मी पेंटरला बोलावून फैलावर घेतलं.

“कुनाला न्हाई. भित्त मोकळी व्हती, मॅडम.”

कमिटी पुसून टाका म्हणत होती. मी राहू दिलं, ते कलेसाठी नव्हे. त्या कोपऱ्यात आडोशाला उभे राहणारे पुरुष त्या हमालासमोर उभे राहीनात, म्हणून. दिवाळीपर्यंत मुदत दिली आणि सांगितलं, मुदत संपली की भिंत जशी घेतली तशी हवी. दिवाळीच्या आधी पेंटरनं आपण होऊन पांढऱ्याचे दोन हात मारले आणि मला बाहेर बोलावून भिंत दाखवली. घाण करून जाणाऱ्याला दुसरी भिंत मिळत नाही, हे त्याच्या धंद्याचं पहिलं शास्त्र.

पण त्याआधीच तो हमाल एका बाईंनी येता-जाता पाहिला होता. त्यांची मुंबईत लहानशी आर्ट गॅलरी होती. सोसायटीचा पत्ता शोधत त्या माझ्याकडे आल्या आणि पेंटरला आठ कॅनव्हास, रंग आणि गॅलरीतला एक आठवडा देऊन गेल्या. आमच्या गच्चीवरच्या खोलीत त्यानं काम केलं. कापड हाताखाली हलतं म्हणून त्यानं ते खिळ्यांनी भिंतीलाच ठोकलं. महिन्याभरात आठ चित्रं झाली. मला चित्रातलं कळत नाही, पण त्या म्हातारीकडे बघून माझ्या हाताला कोळंबीचा वास आला.

प्रदर्शनाला तो इस्त्रीच्या शर्टात, पाठ भिंतीला लावून उभा होता. लोक इंग्रजीत विचारत, तो मान डोलवी. आठातली पाच चित्रं विकली गेली. शेवटच्या दिवशी घेणारे येऊन ती नेणार होते.

त्या दिवशी मी बाईंबरोबरच गॅलरीत पोचले. पेंटर सकाळीच येऊन बसला होता, रखवालदारानं दार उघडून दिलं होतं. आम्ही आत गेलो तर तो ब्रश धूत होता आणि भिंतीवर आठ पांढरेशुभ्र कॅनव्हास होते. दोन दोन हात मारलेले.

बाई खुर्चीवर बसल्या. मीच विचारलं की हे काय केलंत, लोकांनी विकत घेतली होती ना?

“आठवडाभर लावायचं पैसं दिलं न्हवं त्येंनी?” त्याला खरोखरच कळत नव्हतं. “साबणवालं बी देत्यात की. भित्त कोन घरी नेतं, मॅडम?”

चूक माझीही होती. त्याला हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

बाई मोठ्या मनाच्या. त्यांनी घेणाऱ्यांना थोडं थांबायला राजी केलं, नवे कॅनव्हास पाठवले आणि त्याला बसवून समजावलं की ही चित्रं घेणाऱ्यांच्या घरात कायमची राहतील, नातवंडं बघतील. पेंटर पुन्हा गच्चीत बसला. रोज यायचा, बोट टेकवायचा, कोळसा हातात धरायचा आणि संध्याकाळी खाली उतरायचा. तिसऱ्या आठवड्यात मी वर गेले. एक रेघ नव्हती. मी चिडले. अशी संधी दाराशी येते आणि तुम्ही नुसते बसून राहता, असं बरंच बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“आजवर चुकलं तर चुकलं, दिवाळीला पुसायचंच व्हतं. आता न्हाई पुसायचं म्हनल्यावर हात भितो.”

 कॅनव्हास मीच टेम्पोत घालून परत पाठवले. बाईंना एवढंच कळवलं की त्याला दुसरं काम लागलं. ते खोटंही ठरलं नाही. चार महिन्यांत तो जाहिरातींच्या शूटिंगचे पडदे रंगवायला अंधेरीच्या एका स्टुडिओत लागला आणि दिघा सोडून तिकडेच राहायला गेला.

पुढे एकदा त्याच्या आग्रहावरून मी स्टुडिओत गेले. त्यानं प्लायवर अख्खी गावची आळी उभी केली होती. पोपडे आलेल्या भिंती, दारावर उमटलेला चुन्याचा पंजा, एका ओसरीत पाठमोरी बसलेली म्हातारी. शूटिंग संपलं आणि दोन माणसं पहारी घेऊन आली. म्हातारी मधोमध फाटली.

“मॅडम, इकडं या, साडीवर धूळ बसंल,” पेंटर म्हणाला.

मी बाजूला झाले, पण बघत राहिले. त्यानं तिकडे पाठ केली होती आणि दोन कपांत चहा ओतत होता, एक थेंबही न सांडता.