भद्रसेन महाराजांचं आजारपण

भद्रसेन महाराज नावाचा राजा कुठल्याही इतिहासात सापडणार नाही. पण चाकणजवळच्या कुरुळीत, गवराबाईंच्या सोप्यात, महाराज वर्षभर मुक्कामाला होते. गवराबाईंकडं भाडं न देता इतके दिवस राहिलेला हा एकमेव इसम.

शेताचा मोठा तुकडा कंपनीत गेल्यावर उरलेल्या जागेवर गवराबाईंच्या नवऱ्यानं, तात्याबांनी, खोल्यांची एक लांबलचक ओळ बांधली होती. कंपनीत जाणारी माणसं तिथं भाड्यानं राहत. त्यातलाच समाधान नावाचा एक वेल्डर नोकरी बदलून घाईघाईत निघून गेला आणि मागं एक बादली, एक बिघडलेला पंखा आणि पुठ्ठा निखळलेलं एक जाडजूड पुस्तक ठेवून गेला. बादली वापरात आली, पंखा भंगारात गेला. पुस्तक मात्र गवराबाईंनी पदरानं पुसलं आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. वाचता न येणाऱ्या माणसाला छापलेल्या कागदाचा जो धाक असतो, तो वाचणाऱ्याला कधीच नसतो.

पुस्तक पहिल्यांदा उघडलं ते वर्षालीनं. ही मुलगी जिंतूरकडची. गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या एका कंपनीत ट्रेनी होती आणि आणखी दोघींबरोबर सातव्या खोलीत राहायची. पहिली शिफ्ट सुटली की कंपनीची बस तिला फाट्यावर सोडायची. एकदा ती पाण्याची तक्रार घेऊन सोप्यात आली, फळीवरचं पुस्तक तिनं सहज चाळलं आणि पहिलं पान मोठ्यानं वाचलं. पाण्याची तक्रार तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा गवराबाईंनी पाट मांडला होता, पाटावर धुतलेलं फडकं होतं, पुस्तकाला हळदकुंकू लावलेलं होतं आणि उदबत्ती जळत होती.

"आजी, ही कुणा भद्रसेन महाराजांवरची कादंबरी आहे," वर्षाली म्हणाली.

"असू दे की. नाव कायबी असू दे. पोथी ती पोथीच."

आणि मग पोथीचे सगळे रिवाज कादंबरीला लागू झाले. महाराजांचा जन्म झाला त्या दिवशी सुंठवडा वाटला. नातवाचा जुना पाळणा माळ्यावरून काढून त्यात ते जाडजूड पुस्तक घातलं, आणि गवराबाईंनी पाळणा म्हटला. महाराजांचं लग्न लागलं तेव्हा पुस्तकावर अक्षता पडल्या, सगळ्या खोल्यांना जिलेबी गेली. टोकाच्या खोलीतल्या ओडिशाच्या माणसांनी विचारलं, शादी किसकी है? राजाची, असं उत्तर मिळालं. राजा कुरुळीतच राहतो का, हे विचारायचा संकोच वाटला म्हणून त्यांनी वर्गणी काढून एक स्टीलचा डबा आहेर केला. गवराबाईंनी तो घेतलाही. त्यात आता साखर असते.

तात्याबा पलंगावर पडून ऐकायचे. त्यांचा दम गेला होता. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं, हृदय मोठं झालंय. गवराबाई तिथल्या तिथं म्हणाल्या होत्या, "आता म्हातारपणी? लग्नात बारकी नथ आनली, तवा कुटं हुतं?" डॉक्टर हसले. तात्याबाही हसले. पुढं डॉक्टर जे बोलले, ते मुलानं, बाळूनं, दवाखान्याच्या जिन्यात आईला सांगितलं. ते गवराबाईंनी ऐकलं, पदराच्या गाठीत बांधलं आणि गाठ पुन्हा सोडली नाही.

सोप्यात मात्र राजाच्या घरची उठाठेव चालू असायची.

"येवढा मोठा राजवाडा, झाडतं कोन गं?" गवराबाई तांदूळ निवडता निवडता विचारायच्या.

"दासी असतात ना आजी."

"त्यांची शिफ्ट कशी?"

"शिफ्ट काय माय, चोवीस तास ओव्हरटाइम."

"आनि राणीला येवढे जिने? मग गुडघं ऱ्हायलं असतील का तिचं? लिव्हलंय का कुटं?"

"राणीचे गुडघे कोणी लिहीत नाही आजी. डोळेच लिहितात सगळे."

"म्हंजी लिव्हनारा बाप्या हाय."

पलंगावरून तात्याबा घोगऱ्या आवाजात राजकारणात उतरायचे. महाराजांनी एकदा अरबी घोडे एका शब्दात, किंमत न पाडता घेतले, तेव्हा ते उसळून अर्धे उठून बसले. आयुष्यभर चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी उभं राहून त्यांनी दलालांशी हुज्जत घातली होती. "ह्यो राज्य बुडवनार," ते म्हणाले. "ज्याला घासाघीस येत न्हाई त्यानं बाजारात जाऊ नये, आन् सिंहासनावर तर बसूच नये."

"तुमाला बसवू मग," गवराबाई म्हणाल्या. "पलंगावरनं उठा फकस्त."

असं हसत-खेळत चाललं होतं. एके दिवशी महाराजांचा आवडता हत्ती मेला. वर्षालीनं पुस्तक मिटायला घेतलं, तर गवराबाईंनी तिचा हात धरला. "मरनावर पोथी मिटत न्हाईत बाई. पुढं काय चांगलं घडंपत्तुर वाचायचं. माझ्या आईनं घालून दिलंय." पुढं चांगलं काही घडेना. दुष्काळ पडला, प्रधान फितूर झाला, दोन किल्ले गेले. शेवटी कुठंतरी एका सरदाराला मुलगा झाला आणि वर्षालीची सुटका झाली. तोवर तिच्या खोलीत कुकरमधली डाळ कोळसा झाली होती.

मग महाराज आजारी पडले.

पुस्तकाची पानं आता उजव्या हाताला फार थोडी उरली होती, आणि महाराजांना दम लागत होता. पहिल्या दिवशी गवराबाई म्हणाल्या, आज अमावास्या आहे, आज नको. दुसऱ्या दिवशी त्यांनी केस धुतले होते. मग लाईट गेली होती, मग पाहुणे येणार होते, ते आलेच नाहीत. तेही जमेना तेव्हा त्या म्हणाल्या, "लग्नाचं परत वाच गं. जिलेबीच्या नादात माझं ध्यान नव्हतं." वर्षालीनं लग्न वाचलं. आठवड्यानं पुन्हा वाचलं.

"ह्या राजाची तीन लग्नं झाली," तात्याबा म्हणाले, "आन् बायकू येकच. लई कष्टाळू गडी."

त्या संध्याकाळी नळाशी वर्षाली भांडी घासत होती. गवराबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"तू पुढचं बसमधी वाचून बघ. जगतो का त्यो?"

दुसऱ्या दिवशी वर्षाली बसमधून उतरून आली आणि पुस्तक फळीवर ठेवू लागली. गवराबाईंना अक्षर वाचता येत नसलं तरी तोंड वाचता येत होतं.

"मग तू जगव त्याला," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यास्नी काय कळतंय? म्हनावं वैद्यानं मुळी दिली, बरा झाला, नातवाला घिऊन शिकारीला गेला."

"आजी, असं काय बोलायलात? छापलंय ते. मी कोण जगवणार?"

"सिरियलमधी जगवत्यात की."

"मला नाही येत माय तसं."

गवराबाईंनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि आधीच घासलेलं ताट पुन्हा घासायला सुरुवात केली. पलंगावर पडलेला माणूस भिंतीपलीकडं खोकत होता. खोकला थांबेपर्यंत त्या घासत राहिल्या.

आणि त्यातच वर्षालीची ट्रेनिंगची मुदत संपली. कंपनीनं पुढं घेतलं नाही. शनिवारी सकाळी जिंतूरची गाडी होती. शुक्रवारी दुपारी ती बॅग भरून सोप्यात आली, नेहमीच्या जागी बसली. पाट मांडलेला नव्हता.

"आज चहा घे नुस्ता," गवराबाई म्हणाल्या. "परवासाला जायचंय तुला. डोळं कशाला शिनवती?"

"पाट मांड," तात्याबा म्हणाले.

"अवं, तिची गाडी हाय सकाळी."

"सकाळी हाय. आता चार वाजल्यात. पाट मांड गवरे."

"पुढं काय न्हाई त्याच्यात. समदं लढाईचं हाय."

तात्याबा उशीला टेकून बसले. बसायला त्यांना वेळ लागला. बसल्यावर बोलायचा दम यायला आणखी वेळ लागला.

"येवढं जाड पुस्तक," ते म्हणाले, "जन्मापासनं सुरू झालंय. राजा मेल्याबगर संपंल व्हय? मला काय खुळा समजतीस? त्यो मरनार त्ये मला पाळना हलवला तवाच ठावं. मला येवढंच ऐकायचंय, त्यो गेला कसा. डाक्टर मला बघून हसतो. बाळू येतो त्यो मोबाईलकडं बघतो. तू लग्नच लावती सारखी. त्या राजाकडनं तरी कळू दे."

गवराबाई उठल्या. त्यांनी पाट मांडला, फडकं घातलं. हळदकुंकवाचा करंडा हातात घेऊन क्षणभर उभ्या राहिल्या, पुस्तकाला बोट लावलं आणि पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसल्या.

वर्षाली वाचू लागली. एरवी ती प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायची. प्रधानाचा नाकातला, सेनापतीचा पोटातला. आज तिनं सगळं एकाच आवाजात वाचलं.

महाराजांच्या महालात वैद्य होते, प्रधान होते, सोळा सरदार आपापल्या मानाच्या जागी उभे होते. बाहेर हत्ती झुलत होते, तोफा ठासून तयार होत्या. राणीसाहेब रिवाजाप्रमाणे पडद्याआड होत्या. महाराजांनी खजिन्याच्या किल्ल्या दिल्या. सरहद्दीवरच्या ठाण्यांची व्यवस्था सांगितली. मग त्यांनी क्षीण स्वरात विचारलं, राणीसाहेब कोठे आहेत? प्रधान म्हणाले, येथेच आहेत महाराज, पडद्यापलीकडे. महाराजांनी पडद्याकडं पाहिलं. काही बोलावं असं त्यांच्या मनात आलं. पण दरबार भरलेला होता. महाराजांनी डोळे मिटले, आणि तोफा झाल्या.

वर्षालीचा आवाज तिथं बारीक झाला. रस्त्यावरून एक कंटेनर गेला, त्याची घरघर भिंतीत उतरली आणि विरली.

"म्हंजी बोलायचं ऱ्हाऊनच गेलं की त्याचं," तात्याबा म्हणाले. "सोळा मानसं उभी केली आन् बायकू पडद्याआड. कसला राजा!"

गवराबाईंनी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

वर्षालीनं डोळे पुसले आणि पान उलटलं. "आजी, पुढं युवराजांचा राज्याभिषेक आहे. तिथपर्यंत वाचते. मरणावर मिटायचं नसतं ना?"

"मीट," गवराबाई म्हणाल्या.

"आं?"

"मीट त्ये. ह्यास्नी बोलायचं आसंल."

वर्षालीनं पुस्तक मिटलं. ती उठून जाऊ लागली तर तात्याबांनी हातानंच तिला बस म्हणून खुणावलं. गवराबाई पायथ्याकडून सरकत उशाशी आल्या. आयुष्यात त्या नवऱ्याच्या इतक्या जवळ, दिवसाउजेडी, तिसऱ्या माणसादेखत बसल्या नव्हत्या.

"बोला," त्या म्हणाल्या.

वर्षभर तात्याबा बोलण्याची वाट बघत होते, आणि आता परवानगी मिळाल्यावर शाळेत उभं केलेल्या पोरासारखे ते छताकडं बघू लागले.

"मला परत दवाखान्यातल्या त्या काचंच्या खोलीत न्हेऊ नका," शेवटी ते म्हणाले. "नळ्या घालत्यात. बाळू म्हनंल न्हेतो. तू न्हाई म्हनायचं."

"बरं."

"बरं न्हाई. व्हय म्हन."

"व्हय."

"चौकात फ्लेक्स लावायचा न्हाई. गॉगल घातलेला फोटू तर अजाबात न्हाई."

"तुमी जल्मात कवा गॉगल घातला?"

"आता मेल्यावर घालत्यात. कांपुटरवर. भीमराजला घातला न्हाई का? आयुष्यभर मेंढरं राखली बिचाऱ्यानं, आन् चौकात बघावं तर पिच्चरमधला हिरो."

वर्षालीला हसू आवरेना, आणि हसताना तिला रडू यायला लागलं. तात्याबांनी तिकडं बघितलं नाही. ते आता लयीत आले होते. खोल्यांवर मजला चढवायचा नाही, पाया तेवढा नाही. सातव्या खोलीच्या मुलींना पाणी सकाळी आणखी थोडा वेळ सोडायचं. पेरूचं झाड बाळूला तोडू द्यायचं नाही, तो गाडी लावायला जागा बघतोय. प्रत्येक वाक्यानंतर त्यांना थांबावं लागत होतं, आणि प्रत्येक वेळी ते थांबले की गवराबाई म्हणत होत्या, व्हय. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. बाजारात दूरच्या माणसाला हाक मारल्यासारखा.

"आनि?" त्या म्हणाल्या.

तात्याबांनी बराच वेळ दम घेतला.

"आनि तू रडायची न्हाईस."

"त्ये माझं मी बघीन," गवराबाई म्हणाल्या. "तुमी तुमचं सांगा."