शोकफलकावरील दोन शब्द

उधन्यातील कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या फाटकावर माझा मेहुणा भास्कर याच्या निधनाचा फलक लागला होता. चष्मा पुसून मी तो दोनदा वाचला. नावाखाली गुजरातीत दोनच शब्द होते : 'कॉम्प्युटर रिपेरिंगवाळा'... ज्याने त्या मिलचा संगणक विभाग शून्यातून उभा केला आणि अखेरपर्यंत चालवला, त्याची ही ओळख! कामगार न्यायालयात कारकुनी केलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या लेखी चुकीचे पदनाम ही क्षुल्लक बाब नव्हे.

पूर्वी तिथे एकदा रंगवलेली छटा दुसऱ्या खेपेला जुळत नसे आणि व्यापारी माल परत पाठवीत. रंग मिसळण्याचे प्रमाण होते ते फक्त रंगमास्तर सुखदेवआप्पांच्या नजरेत. प्रोग्राम लिहिण्यापूर्वी भास्कर कित्येक आठवडे आप्पांशेजारी वाफेत उभा राहिला. आप्पांनी धास्तावून विचारले होते, "साहेब, तुमनं मशीन माले घर बसाडी का?" हा म्हणाला, "नही आप्पा, मशीनवर तुमनंच नाव लावसू." आणि खरोखरच संगणकात प्रत्येक छटेच्या प्रमाणाखाली ती जुळवणाऱ्या कारागिराचे नाव त्याने नोंदवले. छटा जुळू लागली, तुटलेले व्यापारी परतले, मिलची नवी शेड उभी राहिली.

तरीही धंदा कसा वाढवावा याची चर्चा काचेच्या केबिनमध्ये चाले, तेव्हा ज्याच्यामुळे तो वाढला तो माणूस बाहेर स्टुलावर बसलेला असे. पडद्यावर चित्र उमटेनासे झाले, की मगच त्याला आत हाक! मी संतापून म्हणे, "तक्रार लेखी दे." तो हसे. "दाजी, तुम्ही तर चहा गार झाला तरी नोटीस काढाल..."

फलकावरील पदनाम दुरुस्त करावे म्हणून मी मिलला दोन पत्रे पाठवली. उत्तर आले : फलक उतरवला आहे, विषय संपला. माझ्या मते विषय संपलेला नाही. फलक उतरवल्याने चूक दुरुस्त होत नाही. ती केवळ दिसेनाशी होते.

तिसऱ्या पत्राला पुरावा म्हणून डिंडोलीच्या त्याच्या घरातून छटांची मूळ वही आणली. पानोपानी टाचलेले कापडाचे तुकडे, त्यांखाली आप्पांचे, इतर कारागिरांचे नाव... त्याचे स्वतःचे कुठेही नाही. झेरॉक्स काढली, तर सगळे रंग एकसारखे करडे उमटले. तेव्हा तिसरे पत्र टपालाने जाणार नाही. सोमवारी वही बगलेत धरून मी त्या काचेच्या केबिनमध्ये जाणार आहे. आणि स्टुलावर बसणार नाही.