आधीच्या सासूबाईंचा टॅब

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. शहरातल्या निम्म्या इमारतींमधली माणसं त्याच्या जिवावर वर-खाली करतात, आणि त्याच्या आधीच्या सासूबाई राहतात त्या इमारतीला लिफ्टच नाही. चौथा मजला. यावरून मी त्याला इतकं चिडवलंय की आता माझं मलाच हसू येत नाही.

‘आधीच्या’ हे मी मुद्दाम म्हणते, कारण घटस्फोट रीतसर झालेला आहे. भांडणतंटा काही नव्हता, दोघं एकमेकांना कंटाळली आणि बायको परदेशी निघून गेली. तिची आई मात्र घर सोडायला तयार होईना. पुढे म्हातारीला झटका आला आणि वाचा गेली. डोकं शाबूत, कान तिखट, फक्त तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून टॅबवर अक्षरं दाबायची आणि टॅबने ती मोठ्याने वाचायची, अशी सोय झाली. पण हात थरथरणारा. एक ‘प’ दाबायला जावं तर पाच उमटायचे, आणि टॅब आपला पपपपप करत बसायचा.

तेव्हा धाकट्याने तो टॅब रूट केला. रूट करणं म्हणजे काय, हे त्याने मला बऱ्याचदा समजावलंय. टॅबच्या आतल्या ज्या भागाला कंपनी आपल्याला हात लावू देत नाही, त्याचं कुलूप काढायचं आणि आपल्याला हवे तसे बदल करायचे. त्याने असा बदल केला की एकाच जागी पाठोपाठ पडलेले स्पर्श टॅबने एकच धरावेत. बाई धडाधड बोलायला लागल्या. इथवर सगळं छानच होतं.

पण कंपनीकडून अधिकृत अपडेट यायचं. रूट केलेला टॅब ते घेत नाही. आत कुणीतरी हात घातलाय हे त्याला कळतं आणि तो सरळ ‘अपडेट झाले नाही’ म्हणून मोकळा होतो. घेतल्याशिवाय भागतही नाही, कारण बोलणारं अ‍ॅप जुन्या सिस्टीमवर चालेनासं होतं. मग धाकट्याने सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन चार जिने चढायचे. आपणच केलेला बदल आपणच काढायचा, कंपनीची मूळ फाइल परत बसवायची, अपडेट घ्यायचं, नव्या सिस्टीमची फाइल उतरवून टॅब पुन्हा रूट करायचा आणि तोच बदल पुन्हा आत घालायचा. एवढ्यात कुठे चूक झाली तर टॅब कंपनीचं चिन्ह दाखवत गोठून बसतो आणि बाई पुन्हा मुक्या. हे दर अपडेटला. ऐकूनच माझ्या नाकी नऊ येतात.

मुलीने, म्हणजे त्याच्या आधीच्या बायकोने, फोनवर स्पष्ट बजावलं होतं. टॅबचं काम निघालं तर जा, एरवी आईकडे यायचं-जायचं नाही. तुटलंय ते तुटलेलंच राहू दे. तिचंही चूक म्हणवत नाही मला. आणि आमचा धाकटा शब्दाचा पक्का. कामाशिवाय एकदाही तो जिना चढला नाही.

मला मात्र हे बघवत नव्हतं. सहा दिवस लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, सातव्या दिवशी हे. घरी आला की बूट न काढता खुर्चीत बसून राहायचा, जेवायला वाढलं तरी उठायचा नाही. ना घेणं ना देणं, कुणासाठी एवढं झिजायचं? यावेळी मोठं अपडेट आलं तेव्हा मी त्याच्याबरोबर निघाले. या नादातून त्याला एकदाचं सोडवायचं, बाईंना तोंडावर सांगायचं की दुसरा माणूस बघा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझ्या पायांचे तुकडे पडले. खोली लहान, स्वच्छ. पलंग, औषधांचा डबा, चालायला आधाराची चाकाची चौकट, खिडकीत वाळत घातलेले मोजे. देखभाल करणारी मावशी दुपारची घरी गेलेली. बाईंनी मान हलवून माझं स्वागत केलं आणि टॅब त्याच्या हातात दिला. तो देताना त्या अगदी खुशीत होत्या. आता तासन्‌तास आपल्याला बोलता येणार नाही, याचं त्यांना काहीच वाटलेलं दिसलं नाही.

त्याने मूळ फाइल बसवली, अपडेट सुरू केलं. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलाने सरकत होती. तेवढ्यात हा उठला, गळका नळ घट्ट केला, चौकटीच्या चाकाला तेल घातलं, न्हाणीघराची कडी ठोकून सरळ केली. बोलत होता सारखा. कामावरचे किस्से, अडकलेल्या लिफ्टमध्ये गाणी म्हणणारे म्हातारे. बाई खांदे हलवत आवाजाशिवाय हसत होत्या. माझ्याशी हा घरी दोन वाक्यं बोलत नाही.

अपडेट पार पडलं. आता नवी फाइल उतरवून रूट करायचं राहिलं होतं. लॅपटॉपवर फाइल उतरायला लागली आणि खुर्चीत बसल्या-बसल्या त्याचा डोळा लागला. मान छातीवर, नखांत काळं ग्रीस.

बाईंना मला काहीतरी सांगायचं होतं. मी टॅब त्यांच्या पुढ्यात धरला. बोट थरथरलं, ‘तततततत’ उमटलं. पुसलं, पुन्हा तेच. माझा जीव कासावीस झाला आणि रागही आला, त्या टॅबचा. माझ्या मोबाईलवर अक्षरं मोठी करायची सोय जिथे आहे, तिथेच मी टॅबच्या सेटिंगमध्ये शिरले. डोळ्यांसाठी, कानांसाठी बरंच काही होतं. खाली हातांसाठीही होतं. ‘वारंवार होणारे स्पर्श दुर्लक्षित करा.’ कंपनीनेच दिलेलं, रूट न करता. मी ते चालू केलं.

बाईंनी पुन्हा बोट टेकवलं. एकच ‘त’ उमटला. मग पुढची अक्षरं एकेक करून आली आणि टॅब सपाट आवाजात म्हणाला, “त्याला उशी दे.”

मी उशी द्यायला गेले तसा तो जागा झाला. मला कधी एकदा सांगते असं झालं होतं. म्हटलं, सुटलास तू. कंपनीनेच दिलंय सगळं, एक बटण दाबलं की काम झालं. आता अपडेट आपोआप येऊ दे. मावशीसुद्धा करेल. तुला जिने चढायला नकोत.

त्याने लॅपटॉपकडे बघितलं. फाइल उतरून तयार होती.

“माहीत आहे मला, ताई,” तो म्हणाला. “मागच्या वर्षीच आलंय ते.”

पोरगा दमून मेला होता आणि तरी वर्षभर सरळ रस्ता सोडून काट्याकुट्यातून येत होता, कारण सरळ रस्त्याने त्याला या घरात पाऊल टाकता आलं नसतं. माझे डोळे भरून आले. तो माझ्याकडे न बघता वायर गुंडाळायला लागला, हळूहळू, व्यवस्थित, जणू ती पुन्हा लागायची नव्हतीच.

बाईंचे कान तिखट आहेत हे मी विसरले होते. त्यांनी माझ्या हातातला टॅब आपल्याकडे ओढला. बराच वेळ एकेक अक्षर दाबत राहिल्या. बोट थरथरत होतं, पण एकही अक्षर जास्तीचं उमटलं नाही.

“ते बंद कर,” टॅब मला म्हणाला. “लेकीला सांगू नको.”

मी ते बंद केलं.