पुना आबांचा पुरा डाव

पुना आबांनी चौतीस वर्षे शिंदखेड्याच्या बाजूला रेल्वेत चावीवाल्याचे काम केले. रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून रुळाच्या कडेने निघायचे, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकून घट्ट करायची. ते आबा आज जळगावात, मुलाच्या घरी, टेबलावर पसरलेल्या एका पुठ्ठ्याच्या नकाशासमोर बसले होते.

दोन महिन्यांपूर्वी शिंदखेड्यात आठवडे बाजारातून परतताना ते स्वतःचीच गल्ली विसरले. शेजारच्या निंबाने हाताला धरून घरी आणले आणि त्यांच्या मुलाला, हितेंद्रला, फोन केला. हितेंद्र पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर. दुसऱ्याच दिवशी येऊन तो बापाला घेऊन गेला. तेव्हापासून आबांचे एकच पालुपद, "माले घर जाऊ दे."

शेवटी हितेंद्र म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, नवीन काही शिकता आलं तर फार काळजी नाही. कामिनीचा रेल्वेचा खेळ शिका. रविवारी एक डाव पुरा खेळलात तर सोमवारी घरी सोडतो. नाही तर इथंच राहायचं."

"बापनी परीक्षा लेस का रे?" आबा हसले होते. पण त्या रात्री त्यांना झोप आली नाही.

सून कामिनी ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवायची. हा पटावरचा खेळ तिने कॉलेजातल्या मुलांसाठी आणलेला. तीन दिवस तिने आबांना समजावले. लाल, निळी, पिवळी अशा तीन कंपन्या. कंपनी कुणा एकाची नाही. तिचे शेअर घ्यायचे, तिच्याच पैशाने रूळ टाकायचे. गाव जोडले की तिच्या प्रत्येक शेअरवाल्याला लाभांश. आबा मान डोलावत, आणि सकाळी उठले की सगळे पुसलेले असे.

"आबा, तुमची पाळी," रविवारचा डाव सुरू झाल्यावर हितेंद्र म्हणाला.

आबांनी हातातली शेअरची दोन पाने पाहिली. एक लाल, एक निळे. यातली कुठली कंपनी पुढे न्यायची होती? का? डोक्यात नुसता पांढरा धूर. कामिनीने धूळ पुसल्यासारखे करून लाल रुळावर बोट ठेवले. आबांनी रुळाचे लाल ठोकळे उचलले.

नकाशावर पुढच्या गावापर्यंत काळीभोर सपाटी होती, तिथे एका ठोकळ्याला एक नाणे खर्च. बाजूच्या टेकडीवर दोन. आबांनी ठोकळे टेकडीवर मांडले.

हितेंद्रचा चेहरा पडला. "आबा, सपाटी स्वस्त आहे. कालच सांगितलं ना? विसरलात?"

"इसरनू नही. काळी माटी शे ती. पाणी पडनं का फुगस, उन्हायामा फाटस. रूळ बसी जाई. टेकडीना मुरूम धरी ठेवस."

"पुठ्ठ्यावर कुठला पाऊस, आबा!" हितेंद्र खो खो हसला. "बघ कामिनी, इंजिनिअर लोकांनी यावं शिकायला!"

डाव संपला. आबा शेवटचे आले, पण हितेंद्र खूश होता. "हरलात, पण पुरा खेळलात. डोकं एकदम शाबूत आहे. उद्या सकाळच्या गाडीनं निघू." त्याने लगेच आतल्या खोलीत जाऊन बॅग काढून बापाचे कपडे भरायला घेतले.

आबा खुर्चीतून उठले नाहीत. काळ्या मातीचे त्यांना सारे ठाऊक होते. दुपारी काय जेवलो ते मात्र आठवत नव्हते. डावात ते दोनदा पुरते हरवले होते, आणि दोन्ही वेळा कामिनीचे बोट आले होते. शिंदखेड्याच्या रिकाम्या घरात कुणाचे बोट येणार?

कामिनी जवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा, मी सांगू का यांना?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला, तसे ते भिंत धरत आतल्या खोलीच्या दारात गेले.

"हितू, सकाय नको."

"का? दोन महिने डोकं खाल्लंत माझं."

"सूनबाईनी दोनदा माले बोट दाखाडं. माले काहीच याद नव्हतं." आबांनी चौकट धरली. "गल्ली सापडनी नही तर? माले भ्याव वाटस रे."

हितेंद्रने बॅगेची चेन उघडली आणि बापाची धोतरे, सदरे एकेक करून परत कपाटात लावू लागला. आबा चौकट धरून पाहत उभे राहिले.