भोंगामामांनी गिळलेलं कारण

आधी ही गल्ली नीट पाहून घ्या. सकाळचं तिरपं ऊन, दोरीवर वाळणारे कपडे, प्रत्येक अंगणात एक विहीर, आणि डावीकडून सायकल ढकलत प्रवेश करणारे भोंगामामा! सायकलच्या दांडीला भोंगा बांधलेला, सदऱ्याला कडक इस्त्री, आणि आवाज असा, की शेवटच्या घरातल्या बहिऱ्या आजोबांनीही दचकून वर बघावं.

तीस वर्षं मामा सरकारी हुकूम गल्लोगल्ली पुकारत होते. कागद हातात धरायचे तो शोभेपुरता, मजकूर तोंडपाठ. फक्त कारण ते दहा वर्षांपासून सांगत नव्हते. कालव्याकाठची झाडं किडली आहेत, ती तोडणं भाग आहे, असं त्यांनी एकदा अगदी जीव ओतून पुकारलं होतं. लोकांनी हळहळत झाडं जाऊ दिली. सहा महिन्यांत त्या जागी कचेरीची चारमजली इमारत उभी! तेव्हापासून मामा हुकूम तेवढा सांगत आणि पुढे म्हणत, "कारण कागदात आहे, कागद कचेरीच्या भिंतीवर आहे."

गल्लीने याचा सोयीचा अर्थ लावला होता. मामांनी कारण गिळलं, म्हणजे ते खोटं.

त्या सकाळचा हुकूम होता, दोन दिवसांत सगळ्या विहिरी बुजवायच्या. "कारण कागदात आहे," मामा म्हणाले.

"झालं!" शिंपीणबाई मशीन थांबवून ओरडली. "मामा, या वेळी इमारत उलटी बांधणार वाटतं, वरून खाली?"

गल्ली खदखदली. मामाही हसले. बाई बोललीच तशी, काय करणार?

घरी आले, तर मामी विहिरीतून बादली ओढत होत्या. ओट्यावर नात पोट धरून आडवी पडलेली, तिसरा दिवस.

"मी विहीर बुजवू देणार नाही, सांगून ठेवते."

"अगं, हुकूम आहे."

"कारण सांगितलंत का तुम्ही? नाही ना? मग पाणी चांगलंय. पोरीने कच्ची फळं खाल्लीत, दुसरं काही नाही." आणि मामींनी नातीच्या ओठांना पेला लावला.

मामांच्या लक्षात आलं, आपल्या गप्प बसण्याच्या भरवशावर घरात पाणी प्यायलं जातंय! त्यांनी पेला काढून घेतला, नातीला सायकलवर पुढे बसवलं, विहिरीचं पाणी बाटलीत भरलं आणि थेट दवाखाना गाठला. तिला औषध मिळालं. बाटलीचा निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

"मामा, हे पाणी कुंडीतल्या रोपालासुद्धा घालू नका," तपासणीवाली म्हणाली. "रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी झिरपलंय."

घरी मामींनी निकालाची चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली, आणि बादलीची दोरी विळीवर कापली.

पण बाहेर गल्लीने ठरवलं होतं की उद्या सरकारी माणसं आली, की आपापल्या विहिरीच्या काठावर ठाण मांडायचं. शिंपीणबाई तर ताजं पाणी काढून सगळ्यांना सरबत वाटत होती. मामांनी भोंगा उचलला आणि दहा वर्षांनी पहिल्यांदा कारण पुकारलं.

मग शिंपीणबाई म्हणाली, "कचेरीतल्या साहेबांनी चहा पाजलेला दिसतोय मामांना."

कुणी हसलं नाही, पण सरबताचे पेलेही कुणी खाली ठेवले नाहीत. मामांनी चिठ्ठी दाखवली.

"कागद काय, झाडांच्या वेळीही होता," ती म्हणाली. "तेव्हा तुमचं ऐकलं आम्ही."

"चुकलंच माझं. न बघता बोललो."

"मग आज का ऐकू?"

मामांनी भोंगा सायकलला टांगला, तिच्या हातातला पेला अलगद काढून घेतला आणि साध्या आवाजात म्हणाले, "नका ऐकू, बाई. त्यांचं नको, माझंही नको. फक्त आजचा दिवस हे पिऊ नका, आणि आपापल्या बाटल्या भरून चला. दवाखाना पाचपर्यंत उघडा असतो, रांगेत नंबर मी लावतो."