कोवळ्या ज्वारीतलं विष

आमची जीप वावरापाशी पोचली तेव्हा बैल पाय ताणून मरून पडला होता. पोट फुगलेलं, तोंडाला फेस. दर्यापूरकडचं गाव. पावसाने ओढ दिली होती आणि ज्वारी गुडघाभर होऊन सुकायला लागली होती.

बैलाचे मालक बापूराव. मोठी शेती, आवाजही मोठा. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्यांचं चुलतभावाशी भांडण होतं.

"त्यानंच जहर घातलं असन," ते म्हणाले. "आज त्याले सोडत नाई मी." मागे चार-पाच माणसं काठ्या घेऊन उभी होती.

मी अकोल्याच्या ज्वारी संशोधन केंद्रात रसायनशास्त्राचा असिस्टंट. त्या भागातले प्लॉट पाहायला आलो होतो. "बापूराव, बैल या ज्वारीत शिरला होता का?" मी विचारलं.

"शिरला होता. मंग काय झालं? ज्वारीच तं हाय."

मी जीपमधली तपासणीची पेटी उघडली, ज्वारीची पानं कुस्करून काचेच्या नळीत टाकली, वर क्लोरोफॉर्मचे थेंब सोडले आणि बुचाला रसायनात भिजवून वाळवलेला पिवळा कागद अडकवून नळी उन्हात धरली. थोड्या वेळात कागद विटकरी लाल झाला. "हे जहर ज्वारीतच आहे. कोवळी ज्वारी खाऊन जनावर असं मरतं, त्याला किराळ लागणं म्हणतात."

बापूरावांनी शब्द ऐकलेला होता, पण स्वतःच्या बैलाला लागेल असं वाटलं नव्हतं. ते कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी माणसांना घरी पाठवलं आणि मला म्हणाले, "मंग बैल मारनार नाई अशी ज्वारी करा न साहेब. तुमी तिकडं करून काय राहिले?"

हे मी आमच्या मुख्य साहेबांना सांगितलं. साहेबांच्या रिटायरमेंटला थोडी वर्षं उरली होती. त्यांना जाण्याआधी काहीतरी करून दाखवायचं होतं. "करू," ते म्हणाले. म्हणजे मी करायचं.

गोष्ट अशी आहे. कोवळ्या ज्वारीच्या पानात साखरेला बांधलेलं एक द्रव्य असतं. ते बांधलेलं आहे तोवर त्रास देत नाही. शेजारीच, पण वेगळ्या जागी, एक एन्झाइम असतं, म्हणजे काम घडवून आणणारं प्रथिन. जनावराने पान चावलं की दोघांची गाठ पडते, एन्झाइम ते द्रव्य तोडतं आणि सायनाइड सुटतं. ते द्रव्य तयार करायलाही झाडाला वेगळी एन्झाइमं लागतात. प्रत्येक एन्झाइम कसं घडवायचं याची सूचना बियाण्यातून येते. तिला आम्ही तेव्हा 'फॅक्टर' म्हणायचो, आता सगळे जीन म्हणतात. सूचना बिघडलेलं, म्हणजे विष न करणारं झाड शोधायचं आणि त्याचा वंश वाढवायचा, एवढंच काम होतं.

एवढंच! ओळीओळीने वाकून पानं तोडायची, कुस्करायची, कागद बघायचा. लाल. लाल. पुन्हा लाल. कागद भिजवायच्या पिक्रिक आम्लाने बोटं कायमची पिवळी झाली. घरी जेवताना बायको हाताकडे बघायची. उन्हाळ्यात प्रयोगशाळेचं पत्र्याचं छप्पर तापायचं आणि क्लोरोफॉर्मने डोकं जड व्हायचं. बऱ्याच हंगामांनंतर एका नळीतला कागद पिवळाच राहिला. मला आनंद झाला नाही. कागद खराब असेल म्हणून मी परत परत तपासला.

दुसऱ्या झाडाचा पराग पडू नये म्हणून कणसांना कागदी पिशव्या बांधून त्या झाडाचं बियाणं शुद्ध केलं. नेमकी कुठल्या एन्झाइमची सूचना बिघडली होती, ते कळायला आमच्याकडे साधन नव्हतं. साहेबांना त्याची गरजही नव्हती. "ट्रायल लावा," ते म्हणाले. बापूरावांनी स्वतःहून जमीन दिली. शेजारच्या पट्ट्यात त्यांची गावरान ज्वारी होती.

पेरणीनंतर काही आठवड्यांनी बापूरावांचा निरोप आला, लवकर या.

मी साहेबांना घेऊन गेलो. आमच्या पट्ट्यात पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. नाकतोडे अजून बसलेले होते. गावरान पट्टा कुठेकुठे कुरतडलेला, पण उभा. मी सवयीने दोन्हीकडची पानं तपासली. गावरानचा कागद लाल, आमचा पिवळा.

"दवाई मारायची राहिली काय?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही पट्ट्यांत सारखीच मारली होती, सर."

साहेबांनी लाल आणि पिवळा कागद शेजारी धरून पाहिले. कोवळ्या वयात झाडाला किड्यांपासून तेच विष राखत होतं, आणि ते आम्ही मेहनतीने काढून टाकलं होतं. हे आम्हा दोघांनाही कळलं.

बापूराव म्हणाले, "तुमची ज्वारी सगळ्याइले गोड लागली साहेब."

मी माफी मागितली. "जाऊ द्या," ते म्हणाले. "चहा घ्या."

शेवटी आम्ही गावोगाव जुनीच गोष्ट सांगितली. फुलोऱ्याआधी जनावर ज्वारीत सोडू नका, पावसाने ओढ दिली तर मुळीच नको. बापूरावांनी कुंपण घातलं. त्यांचं जनावर पुन्हा दगावलं नाही.

साहेब रिटायर होताना म्हणाले, "मधल्या विषाची ज्वारी करा."

"मधलं म्हणजे किती, सर?"

"ते नाकतोड्यांना विचारा."

उरलेली नोकरी त्यातच गेली, आणि उत्तर मिळालं नाही. झाडातून काय काढायचं हे ठरवायला आम्हाला एक दुपार पुरली होती. ते तिथे कशाला आहे, हा प्रश्न त्याच दुपारी विचारायला हवा होता.