देवीची येल

माल्याला, माझ्या सासरच्या गावी, देवराईत माझी सासू कमरेपर्यंत चिखलात रुतली होती, आणि डोक्यावरची कळशी काही सोडत नव्हती... साठ सालच्या आसपासची गोष्ट. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

काल नातीने फोनवर एका वेलीचा फोटो दाखवला. म्हणाली, आजी, हा झाडावर चढणारा नेचा, दलदलीच्या रानात वाढतो. बाई गं, ही तर आमची देवीची येल... म्हणून आज मी सांगतेय आणि ती टाइप करतेय.

नवरात्राचा पहिला दिवस होता. राईतल्या झऱ्याचं पाणी देवीला घालायचा मान आमच्या घराचा. नियम कडक... चपला बाहेर, लोखंड बाहेर, आतली काडीसुद्धा तोडायची नाही. आणि भरलेली कळशी देवीपर्यंत भुईला टेकवायची नाही.

झऱ्याखाली सगळी पाणथळ. आत्याबाई (सासूला मी आत्याबाईच म्हणायचे) कळशी घेऊन दगडावरून दगडावर येत होत्या. शेवाळावरून पाय सटकला आणि बाजूच्या काळ्या चिखलात गेल्या. कळशी मात्र डोक्यावर तशीच, एका हाताने धरलेली. धन्य ती बाई!

आधी वाटलं, येतील वर. पण जितकं हलावं तितक्या आत जायला लागल्या. मी पदर फेकला, त्यांनी मोकळ्या हाताने धरला... जुनेर लुगडं ते, टरकन फाटलं. पडलेल्या फांद्या उचलल्या तर हातात भुगा.

मी हाका मारल्या तसे आमचे हे शेतातून धावत आले, हातात कोयता. शेजारच्या झाडावर देवीची येल चढलेली होती, अंगठ्याएवढी जाड आणि चिवट. ती तोडून दोर करू म्हणाले. राईच्या हद्दीत पाऊल टाकणार, तोच चिखलातून आवाज आला.

"कोयता भाईर ठेव. लोखंड आत आणलंस तर मी हात देणार न्हाई."

आणि हे थांबले. आईच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते, ते तेव्हा तरी कसे जाणार... चिखल छातीला टेकायला आला, तरी मायलेक दोघंही आपापल्या जागी ठाम. मला असा राग आला म्हणून सांगू. ह्यांचा, त्या कळशीचा, खरं सांगायचं तर देवीचाही.

तोडायची नाही ना? बरं, नाही तोडत. मी येलीलाच भिडले. तिची बारीक मुळं खोडाला घट्ट चिकटलेली, नखं घालून एकेक सोडवत गेले... बोटं रक्ताळली. बूड जमिनीत रुजलेलं, शेंडा वर झाडाला धरलेला, आणि मधला भाग झोक्यासारखा सैल झाला. तो मी आत्याबाईंकडे लोटला. तोवर हेही कोयता टाकून आत आले.

पण झोका काखेखालून घ्यायचा तर दोन्ही हात हवेत. एक हात कळशीला...

मी म्हटलं, "आत्याबाई, देवीला पानी उद्याबी मिळंल. मला दुसरी सासू कुटनं मिळायची?"

त्यांनी कळशी उतरवली आणि सगळं पाणी येलीच्या बुडाकडे ओतून टाकलं. झोका काखेत घेतला. आम्ही दोघं ओढत होतो, येल कुरकुरत होती, वरून पानं गळत होती... आता तुटते, मग तुटते. तुटली नाही. आत्याबाई गुडघ्यापर्यंत वर आल्या, मग सगळ्याच.

धाप लागलेली, पण पहिला प्रश्न काय, तर येल तुटली का? तिघांनी मिळून ती खोडाला परत टेकवून ठेवली. मला मात्र कौतुकाचा एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, पुढे महिनोन् महिने नाही. मी मनात म्हटलं, काय दगडाच्या काळजाची बाई आहे.

पुढच्या नवरात्रात पुन्हा राईत गेलो. येल परत चढली होती, कोवळी पानं तांबूस... आत्याबाई झऱ्यावरून कळशी भरून आल्या, येलीपाशी थांबल्या आणि कळशी माझ्या हातात दिली.

"आदी हितं घाल. मग देवीला."

तेव्हापासून आमच्या घरचं पहिलं पाणी येलीला जातं. आत्याबाई जाऊनही खूप वर्षं झाली, आता सुना घालतात.

नातीने त्या नेच्याचं शास्त्रातलं नाव पुन्हा पुन्हा सांगितलं, माझ्या काही लक्षात राहिलं नाही. मी फोनलाच हात जोडले. ती हसली... हसू दे.